दर दहा मिनिटांनी

पुढे लेलंडचा भाड्याचा ट्रक,
त्यात आमचं सगळं ओहायो:
पलंग, शिलाईचं मशीन, तळघरातले रंगाचे अर्धे डबे,
टाकून दे म्हटलं तेव्हा त्याने जे दोरीने बांधून घेतले.
मागे मी, जुन्या गाडीत.
हीटरची ऊब फक्त उजव्या पायाला.
श्वास घेणारं जे जे होतं, ते माझ्याकडे:
मागच्या सीटवर ड्यूक, तेरा वर्षांचा, लांबच्या लांब पसरलेला;
पिंजऱ्यात प्रूडन्स, डेस मॉइन्सपासून एकच सूर लावून बसलेली;
आणि शेजारच्या सीटवर, पट्टा लावलेली, लोणच्याची बरणी.
तीत धाकटीचा मासा.
ती कॉलेजला गेली. मासा राहिला.

लेलंडने दोन वॉकीटॉकी आणल्या होत्या.
नियम त्याचाच: दर दहा मिनिटांनी बोलायचं.
कारखाना बंद झाल्यापासून घरात
आमचं भागत होतं
"बिल आलं" आणि "भरलं" एवढ्यावर.
आता खरखरीतून तो विचारतो,
"ओरडतेय का अजून?"
मी बटण दाबून यंत्र पिंजऱ्याला टेकवते.
तो बराच वेळ ऐकतो.
मग म्हणतो, "ओव्हर."

नॉर्थ प्लॅटला मोटेलच्या दारावर पाटी: प्राणी आणू नयेत.
लेलंड, जो शेजाऱ्याशीही बोलत नसे,
काउंटरवरच्या बाईशी थंडीबद्दल अर्धा तास बोलला,
तिच्या गुडघ्यांबद्दलही,
तोवर मी मागच्या जिन्याने तीन फेऱ्या केल्या.
सकाळी मांजर पलंगाच्या पोटात शिरलेली.
खालचं कापड फाडून, आत, स्प्रिंगांमध्ये.
तो गालिच्यावर पालथा पडला, हातात ट्यूनाचा डबा.
"ये ना गं राणी. कुणी रागावणार नाही तुला. ये."
मी दात घासत होते. ब्रश तोंडातच राहिला.
हा आवाज मी ओळखत होते.
कुठे ठेवला होता त्याने इतकी वर्षं?

लॅरमीनंतर वारा.
बर्फ पडत नव्हता, आडवा धावत होता,
रस्त्यावरून, सापांसारखा, खालून खाली.
मग वर आला.
ट्रकचे दोन लाल दिवे. एक.
मग तोही नाही.

दहा मिनिटं झाली. वीस.
यंत्रात नुसती खरखर.
आणि प्रूडन्स गप्प झाली.
नऊशे मैल जिला गप्प बस म्हणत होते,
तिला म्हटलं, ओरड गं, काहीतरी ओरड.
रस्त्याच्या कडेच्या खाचांवर चाक गेलं की गाडी गुरगुरायची,
मी डावीकडे सरकायचे.
तेवढीच बोली उरली होती.
ड्यूकने मागून हनुवटी माझ्या खांद्यावर ठेवली.
त्याच्या तोंडाला कुजका वास येतो. येऊ दे.

बटण दाबून मी म्हटलं, लेलंड.
नुसतं नाव.
ओव्हर म्हणायचं राहिलं,
म्हणजे नियमाने पाहिलं तर
माझं बोलणं अजून संपलेलं नाही.

रॉलिन्सला रस्त्यावर आडवं फाटक पडलेलं.
ट्रकांची रांग, इंजिनं घरघरत.
रांगेच्या शेवटी टॉर्च हलवत एक माणूस,
टोपी नाही, भुवया पांढऱ्या,
येणाऱ्या प्रत्येक गाडीत डोकावत होता.
मी काच खाली केली.
त्याने आधी पिंजऱ्यात उजेड टाकला.
दोन हिरवे डोळे, चिडलेले.
मग ड्यूक. मग बरणी:
काचेला आतून बर्फाची किनार,
मधे एक कल्ला हलला.
मग टॉर्च खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.
"सगळे?"
"सगळे."

त्याने दार उघडलं. ड्यूक कसाबसा उतरला,
वाऱ्यात तीन पायांवर डळमळत उभा राहिला
आणि वायोमिंगमध्ये एक पिवळं, वाफाळतं भोक पाडलं.
लेलंड हसायला लागला. मीही.
ट्रकवाल्यांनी काचा पुसून पाहिलं.

फाटक कधी उघडेल कुणालाच माहीत नव्हतं.
आयडाहो अजून चारशे मैल.
तो माझ्या गाडीत येऊन बसला,
बरणी मांडीवर घेतली,
बोटांनी काच चोळत राहिला.
वॉकीटॉकी दोन्ही चालूच होत्या,
एकीतून दुसरीचा आवाज येत होता,
बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.